हात मागं

सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी गट बंद झाला.

म्हणजे गट होता तिथेच होता. ‘हात मागं’ हे नाव, त्याशेजारचा पाठीमागे हात बांधून उभ्या असलेल्या बाईचा फोटो, सगळं जागेवर होतं. फक्त खालचं माइकचं चित्र गेलं होतं आणि तिथे एक करडी ओळ आली होती : फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात. तिच्या वर आणखी एक ओळ होती : तुम्ही आता ॲडमिन नाही.

मी बार्शीच्या आमच्या घरात ओट्याशी उभी होते. हातात गाळणी होती. वर्तमानपत्रातल्या नोकरीची सवय अशी की आधी वेळ पाहिली आणि मग चहा गाळला.

पहिला फोन पांगरीहून आला. गोदाक्का कासार. आसपासच्या गावांतून बांगड्या भरत फिरणारी, साठीची बाई. आमच्या गटातला सगळ्यात मोठा आवाज तिचा.

“नलूताई, उठला का?”

“उठलेय, अक्का. बोला.”

“काय तरी इस्कटलं बगा माझ्याकडनं. आवाज जाईना. ते माइकचं चित्र व्हतं न्हवं, ते गेलं.”

“तुमच्याकडून काही झालेलं नाही.”

“न्हाई कसं? भाकरीच्या हातानं धरला व्हता फोन. तवाच काय तरी दाबलं गेलं असंल.”

“अक्का, माझ्या फोनवरही तसंच दिसतंय.”

“मंजे तुमचाबी मीच बिघडवला?”

मला हसू आलं. ती हसली नाही.

“वृंदाताईंनी काही कारणानं बंद केला असेल. मी विचारते त्यांना.”

“तुमी माझं मन राखायला म्हणताव,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर वैरागच्या शकीलाबींचा आला. नंतर आणखी एकीचा, मग आणखी. आठपर्यंत फोन खाली ठेवायला सवड मिळाली नाही. गट कुणी बंद केला, असं एकीनेही विचारलं नाही. प्रत्येकीला एवढंच विचारायचं होतं की माझ्याकडून काय दाबलं गेलं. मधल्या मधल्या फटीत मी वृंदाला फोन लावत होते. तिचा फोन सतत दुसऱ्या कॉलवर होता. नंतर तो वाजायला लागला, पण तिने उचलला नाही.

वृंदा गोसावी आमच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. मी सोलापूरच्या एका दैनिकात उपसंपादक होते, आणि आईच्या आजारपणामुळे नोकरी सोडून घरी आले होते. दुपारी वेळ जायचा नाही म्हणून वाचनालयात जाऊन बसायचे. बाजाराच्या दिवशी तिथे बायका यायच्या. पुस्तकांसाठी नाही, पंख्यासाठी आणि पाण्यासाठी. त्यांच्याकडे मुलांनी घेऊन दिलेले फोन असायचे. त्यांत काही अडलं की त्या वृंदापुढे फोन धरायच्या आणि म्हणायच्या, तेवढं करून द्या.

गोदाक्काने असाच एकदा फोन पुढे केला. तिला गिऱ्हाइकाला बांगड्यांचा फोटो पाठवायचा होता. वृंदाने फोन घेतला नाही. ती खुर्चीवरून उठली आणि तिने आपले दोन्ही हात पाठीमागे बांधले.

“तुम्हीच करा, अक्का. मी तोंडानं सांगते.”

“अवो, तुमी केलं तर चुटकीसरशी हुईल.”

“आणि उद्या?”

“उद्या बी तुमी हायेतच की.”

“घरी कोण करून देतं?”

“ल्योक. ‘आण इकडं, तुला न्हाई कळायचं’ म्हणतो आन् हिसकून घेतो. बोटं अशी चालवतो की मला दिसतच न्हाई काय केलं.”

“म्हणून माझे हात मागे.”

अक्का तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “माझा तर धंदाच हाय दुसरीचा हात धरायचा. तुमचं उलटंच.” पण तिने फोटो पाठवला. तीनदा चुकून, एकदा बांगड्यांऐवजी वाचनालयाच्या पंख्याचा पाठवून, शेवटी बरोबर पाठवला. गिऱ्हाइकाचा होकार आला तेव्हा तिने फोन पदराने पुसला आणि कमरेला खोचला.

गट तिथून सुरू झाला. वृंदाने तो उघडला आणि मला ॲडमिन केलं. नियम वृंदाचा एकच होता. कुणी कुणाचा फोन हातात घ्यायचा नाही. शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. गटावर टाइप करायचं नाही, बोलायचं, कारण निम्म्या बायकांना वाचता येत नव्हतं. आणि उत्तर आम्ही द्यायचं नाही. जिला काल जमलं तिने आज दुसरीला सांगायचं.

दुसरी पद्धत बायकांनी स्वतःच पाडली. घरात पुरुष माणसं असली की फोनशी बोलत बसता यायचं नाही. मग बाई नुसतं पंजाचं चित्र पाठवायची. त्याचा अर्थ, माझा प्रश्न आहे, पण आत्ता बोलता येत नाही. जिला सवड असेल ती दुपारी तिला फोन लावायची. आम्ही त्याला ‘हात पाठवला’ म्हणायचो.

गट काढणं सोपं होतं. तो मरू न देणं अवघड गेलं. प्रश्न थांबले की फुलं येतात. सुप्रभातची फुलं, देवांचे फोटो, आजीच्या बटव्यातले उपाय. पंधरा दिवस फुलं आली की कुणी गट उघडूनही बघत नाही. म्हणून रोज सकाळी सहाला मी माझ्या आवाजात एक प्रश्न टाकायचे. गॅसचा नंबर लावताना मशीनमधली बाई काय बोलते? बँकेतून बोलतोय म्हणून फोन आला तर पहिलं काय विचाराल? अनोळखी लिंक आली तर काय करायचं? वर्तमानपत्रात पान रोज जातं, बातमी असो नसो. मला त्याची सवय होती. ताप असला तरी प्रश्न जायचा. आईला स्मशानात नेलं त्या सकाळीही गेला. तो वृंदाने माझ्या वतीने विचारला होता, आणि तिने तो माझ्याइतक्याच रडवेल्या आवाजात विचारला, हे मी विसरलेले नाही.

चौथ्या वर्षी पुण्याचं एक प्रतिष्ठान आलं. त्यांनी बायकांसाठी नवीन ॲप काढलं होतं. धडे, चित्रफिती, प्रमाणपत्र. वृंदाला त्यांनी तालुक्याचं काम देऊ केलं होतं आणि पुढे पुण्याचंही कबूल केलं होतं. वाचनालयाचा पगार कसा आणि कधी व्हायचा हे मला माहीत होतं. मला आनंद झाला होता. ॲपचं उद्‌घाटन कॉलेजच्या सभागृहात ठरलं होतं, सकाळी अकराला, आणि ती सकाळ हीच होती.

बायकांनी ॲप आधीच फोनवर घेतलं होतं. आदल्या दिवशी दुपारी गटावर गोदाक्काचा आवाज आला.

“ताईंनो, ह्ये नवीन ॲप उघडलं की म्हणतंय, तुमच्या फोनमधली समद्यांची नावं आन् नंबर द्या. माझ्याकडं गिऱ्हाइक बायांचे नंबर हायेत. कितीकींच्या नवऱ्याला बी म्हाईत न्हाई त्यांच्याकडं फोन हाय. इस्वासानं दिल्यात मला. ह्याला कशाला पायजेत?”

प्रश्न चांगला होता. माझ्या सहाच्या प्रश्नांपेक्षा चांगला. त्यामागून दुसऱ्या बायकांचे आवाज आले, माझ्याकडं पण मागतंय, मी दिले, आता परत घेता येतात का, न दिले तर प्रमाणपत्र मिळतं का. संध्याकाळ झाली, घरोघरी पुरुष परतले, आणि आवाजांच्या जागी पंजे यायला लागले. एकाखाली एक. उत्तर कुणाकडेच नव्हतं. मी एवढंच बोलले की वृंदाताईंना विचारून सांगते. वृंदाने सगळं ऐकलं होतं. तिच्या नावापुढे तसं दिसत होतं.

मी साडेदहाला सभागृहात पोचले. दारावर कापडी फलक होता, ‘एक बोट, नवी वाट’. वृंदा व्यासपीठामागच्या खोलीत होती. नारायणपेठ नेसली होती आणि पदराला पिन लावत होती. पिन तोंडात धरून तिने मला खुणेनेच बस म्हटलं.

“गट तू बंद केलास?”

तिने पिन लावली. “दोन दिवस, नलू. फक्त दोन दिवस.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं कुणी? पाहुणे आज गट बघणार आहेत. मोठ्या पडद्यावर. तो उघडायचा आणि समोर एकामागून एक येत राहणार काय, तर ॲप नंबर का मागतं, नंबर परत कसे घ्यायचे.”

“का मागतं?”

“मला माहीत नाही.”

“मग विचार.”

“आज? हार घालायच्या आधी की नंतर?”

ती हसली. मीही थोडी हसले. तिची ती सवय होती, आणि माझी तिच्याबरोबर हसायची.

“आणि माझं ॲडमिन काढलंस ते?”

“तू लगेच उघडला असतास.”

“हो.”

“म्हणूनच.” तिने माझ्या दंडाला हात लावला. “परवा सकाळी उघडते. सहाच्या आत. तुझा परवाचा प्रश्न चुकायचा नाही. आणि नंबरांचं मी त्यांना विचारते, नीट, एकटं गाठून. आजचा दिवस जाऊ दे. माझ्यासाठी.”

मी मान हलवली. दोन दिवस म्हणजे काही मोठी गोष्ट नव्हती, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

सभागृह भरलं होतं. शाळेच्या मुली, बचत गटाच्या बायका, पहिल्या रांगेत पाहुणे. गोदाक्का चौथ्या रांगेत होती. तिचा फोन रुमालात गुंडाळलेला होता, आजारी पोराला आणावं तसा. तिने मला पाहिलं आणि मान खाली घातली.

भाषणं झाली. मग वृंदाने ध्वनिवर्धक घेतला. तिने वाचनालय सांगितलं, पंखा सांगितला, हात मागे बांधायचा नियम सांगितला. चांगलं सांगितलं. लोक हसले, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ती म्हणाली, “आणि जिच्यापासून हे सुरू झालं, त्या आमच्या गोदाक्का आज इथे स्वतःच्या बोटानं नाव नोंदवतील.”

अक्का वर गेली. फोनचा रुमाल सोडला. तिच्या फोनचा पडदा मागच्या मोठ्या पडद्यावर दिसायला लागला. वृंदा तिच्या शेजारी उभी राहिली आणि तिने आपले हात पाठीमागे बांधले, नेहमीसारखे. छायाचित्रकार पुढे आला.

नाव झालं. गाव झालं. मग ती चौकट आली. तुमच्या संपर्कांना परवानगी द्या. तळाशी एकाखाली एक दोन कळा, ‘परवानगी द्या’ आणि ‘नको’.

अक्काचा अंगठा थांबला.

“दाबा, अक्का,” वृंदा म्हणाली.

अक्काने तिच्याकडे पाहिलं. “कंचं?”

“वरचं.”

“त्ये नंबरांचं हाय न्हवं?”

ध्वनिवर्धक चालू होता. मागच्या रांगेत कुणीतरी खाकरलं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. अक्का ‘नको’ दाबणार होती की नाही, मला सांगता येणार नाही. तिचा अंगठा दोन्ही कळांच्या मध्ये होता.

मी वृंदाच्या पाठीकडे बघत होते. मी कडेच्या खुर्चीवर होते, म्हणून मला तिचे हात दिसत होते. डावा सुटला. मग उजवा. तिने अक्काच्या हातातून फोन घेतला, दोनदा बोट लावलं आणि परत दिला. पडद्यावर अभिनंदन आलं, रंगीत कागदांचा पाऊस पडला. टाळ्या झाल्या. अक्काचा हात फोन घ्यायला लगेच मिटला नाही. पंजा तसाच पुढे राहिला, बांगडी भरून घेताना बायका धरतात तसा.

मला ती आवारातल्या पाण्याच्या टाकीशी सापडली. फोन पुन्हा रुमालात बांधत होती.

“अक्का, तुम्हाला द्यायचे नव्हते ना नंबर?”

“न्हवते. पर आता काय बोलायचं? सकाळीच एवढं वाटोळं केलंया.”

“मी सांगितलं ना तुम्हाला. गट वृंदानं बंद केलाय. मी आत्ताच विचारून आले, तिनं स्वतः सांगितलं.”

अक्काने रुमालाची गाठ मारली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला समजून घेतल्यासारखं ती बघत होती.

“तुमी चांगल्या हायेत, ताई. पर वृंदाताईंनी मला खरं सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“तुमच्या आदी म्या त्यास्नीच फोन केलता. इचारलं, माझ्याकडनं काय झालं का? त्या म्हणल्या, ‘अक्का, दाबलं गेलं असंल काय तरी तुमच्याकडनं. आता दोन दिस हात लावू नका फोनला, मंजे आनिक बिघडणार न्हाई.’”

“असं म्हणाली?”

“शकीलाला बी त्येच म्हणल्या. पर शकीलानं न्हाई केलं, ताई. तिचा फोन रातभर बंद व्हता. मीच केलंय त्ये.”

आत चहा चालला होता. वृंदा पाहुण्यांच्या घोळक्यात होती. मला बघून ती बाजूला आली, कागदी कप हातात घेऊन.

“अक्काला तू काय सांगितलंस सकाळी?”

तिला आठवायला वेळ लागला. तो वेळ तिने खोटा घेतला नव्हता. तिला खरंच आठवावं लागलं.

“अगं, फोनावर फोन. माझी साडी नेसून व्हायची होती. एकेकीला काय समजावत बसू, ॲडमिन म्हणजे काय, बंद म्हणजे काय? असं सांगितलं की त्या गप्प बसतात.”

“हो,” मी म्हटलं. “बसतात.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग नजर कपाकडे नेली.

“चहा घे,” ती म्हणाली.

मी घरी आले.

परवा सकाळी गट उघडला नाही. आठवड्याने त्यावर ॲपची पहिली जाहिरात आली, छापील अक्षरांत. मी वृंदाला विचारलं तेव्हा ती म्हणाली, वरून निर्णय झालाय, आता माझ्याही हातात नाही. नंबरांचं विचारलंस का, या प्रश्नाला तिने, बोलू आपण निवांत, असं उत्तर दिलं.

मी नवीन गट काढला आणि जुन्या बायकांना त्याची लिंक पाठवली. संध्याकाळी वृंदाच्या गटावर संदेश आला : अनोळखी लिंक उघडू नका, ओळखीच्या माणसाने पाठवली तरी विचारल्याशिवाय उघडू नका. तो धडा आमचाच होता. त्याचा प्रश्न मीच एका सकाळी सहाला विचारला होता, आणि गोदाक्काने त्याचं उत्तर सगळ्यांत चांगलं दिलं होतं. बायकांनी शिकवल्याप्रमाणे केलं. थोड्या आल्या त्यांनी काही दिवस प्रश्न विचारले, मग फुलं यायला लागली. मी सहाला बोलत राहिले. पुढे ऐकणारं कुणी उरलं नाही.

मी पांगरीला एकदा जाऊन आले. अक्काने माझ्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, पैसे घेतले नाहीत. फोनचा विषय मी काढला तेव्हा ती म्हणाली, “असू द्या, ताई. ज्येचं त्येला.”

वृंदा पुढे पुण्याला गेली. जुना गट अजून माझ्या फोनवर आहे. बाहेर पडायची कळ माझ्याच हाताशी आहे, पण मी पडलेले नाही. महिन्यातून एखादा छापील संदेश येतो. त्यावर कुणाला बोलता येत नाही. हल्ली फक्त एवढंच करता येतं की संदेशावर बोट दाबून धरलं तर त्याखाली एखादं छोटं चित्र चिकटवता येतं. बहुतेक वेळा तिथे काही नसतं.

गेल्या मंगळवारी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी, ‘डिजिटल साक्षरता, घरोघरी’ अशा एका संदेशाखाली पंजा आला. मी त्यावर बोट ठेवलं. नंबर गोदाक्काचा होता.

दुपारपर्यंत थांबले, पूर्वी थांबायचे तशी. मग फोन लावला. सुनेने उचलला.

“मी नलिनी बोलतेय, बार्शीहून.”

“हां हां, आत्या सांगत असत्यात तुमचं.”

“त्यांनी मला, म्हणजे गटावर, हात पाठवलाय.”

“कसला हात ओ?”

मी सांगितलं.

“न्हाई ओ, ताई. आत्या फोनला हातच लावत न्हाईत. कवापास्नं. बिघडतो म्हणत्यात. रुमालात बांधून ठिवलाय, मीच चार्जिंगला लावती.”

“जवळ आहेत का? देता का जरा?”

तिने फोन खाली ठेवल्याचा आवाज आला. घरात पुरुषांचं बोलणं चाललं होतं, ताटं वाजत होती. बांगड्या किणकिणल्या, मग थांबल्या. सून परत आली.

“आत्या म्हणत्यात, चुकून दाबलं गेलं असंल.”

संध्याकाळी मी गट पुन्हा उघडला. पंजा काढलेला नव्हता. आज सकाळीही तो तिथेच आहे.